जिंकतोय तोवर

शिट्टीसरांचं खरं नाव कॉलेजच्या ऑफिसात कुणाला ठाऊक असेल तर असेल, बाकी सगळ्यांना ते शिट्टीसरच. हा माणूस गळ्यात शिट्टी अडकवूनच जन्माला आला असावा, असं पोरं म्हणत. उंचीनं बेताचे, आवाजानं मात्र भलतेच उंच. तरुणपणी ते स्वतः बास्केटबॉल खेळले होते. म्हणजे संघात निवड व्हायची आणि सामने बाहेर बसून बघायचे. पुढे त्याच कॉलेजात क्रीडाशिक्षक झाले. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. थोरल्या बहिणीकडे जेवायचं आणि तिच्याच घराच्या वरच्या खोलीत झोपायचं, असा त्यांचा संसार. ताई शिवणाच्या दुकानात कामाला होती. नवरा लवकर गेला, आणि एकुलता एक मुलगा ताडमाड वाढला. त्याला घरीदारी सगळे लंबूच म्हणत.

सरांचा संघ हरण्यात तरबेज होता. यांच्याशी सामना पडला की समोरचे कोच आदल्या दिवशी आपल्या पोरांना खुशाल सुट्टी देत. पण यंदा लंबू कॉलेजात आला, बास्केटखाली उभा राहिला, आणि पहिलाच सामना यांनी जिंकला. समोरच्यांचं राहू द्या, खुद्द सरांचाच विश्वास बसेना.

दुसऱ्या सामन्याला जाताना बसमध्ये कुणीतरी गुडघा दुखतोय म्हणून कुरकुरलं. सर वळून गरजले, "जिंकतोय तोवर दुखणं तोंडातून काढायचं नाही. कळलं? अपशकुन नुसता!" अर्धं गमतीत, अर्धं खरं. पण या वयाची पोरं अभ्यासाचं सोडून बाकी सगळं मनावर घेतात. त्या दिवसापासून बसमध्ये कुणी शिंकलं तरी शेजारचा त्याचा कान पिळायचा. संघ जिंकतच गेला आणि ती गंमत संघाचा कायदा होऊन बसली.

त्याच दुसऱ्या सामन्यात सरांनी एक गोष्ट पाहिली होती. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावून आल्यावर लंबू खांब धरून उभा राहिला. दुसरा हात छातीवर होता आणि तोंड उघडं. सरांच्या मनात पाल चुकचुकली. पण तेवढ्यात लंबूनं बास्केट मारली, सगळा हॉल उठून ओरडला, आणि पाल गप्प झाली. धावल्यावर दम लागायचाच, सरांनी स्वतःची समजूत काढली.

मग घरीही दिसू लागलं. लंबू वरच्या खोलीत मामाला जेवायला बोलवायला यायचा आणि जिन्याच्या मध्येच वाकून बसायचा.

"काय रे?"

"बुटाची नाडी बांधतोय, मामा."

पायात चपला असायच्या. सरांनी चपला पाहिल्या होत्या, तरी ते "बरं" म्हणून पुढे व्हायचे. ताई ताटावर विचारायची, "हल्ली जेवण जात नाही रे याला. खेळ फार होतोय का?" "अगं, या वयात असंच असतं," सर म्हणायचे. माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सुख मिळालं की तो त्याच्याकडे फार बारकाईनं बघत नाही. प्राचार्य आता त्यांना चहाला बोलावत होते. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आरशासमोर गुणगुणण्याची सवयही लागली होती.

असं करत संघ अंतिम सामन्यात पोचला.

मध्यंतरात सर खेळाडूंच्या खोलीत आले तेव्हा कोपऱ्यात पोरं दाटीवाटीनं उभी होती. कुणी टॉवेल झटकत होता, कुणी उगाच जर्सी खोचत होता. ही पाठींची भिंत सरांनी सीझनभर पाहिली होती आणि पोरांचा कसा जीव आहे एकमेकांवर, म्हणून कौतुकही केलं होतं. आज काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी दोघांना बाजूला सारलं. मागे लंबू भिंतीला टेकून बसला होता. त्याचे ओठ निळसर पडले होते.

"तू बाहेर बसायचंस," सर म्हणाले.

"सर, जिंकतोय ना आपण."

"बसायचं म्हटलं ना!"

"मामा, खेळू दे ना." मैदानावर त्यानं त्यांना कधी मामा म्हटलं नव्हतं.

सरांनी त्याला हात धरून बाहेर बसवलं. पण बसल्या जागीही त्याला चैन पडेना. संघ मागे पडला, मग पुन्हा बरोबरीला आला, आणि आनंदानं ओरडत उठलेला लंबू तसाच पुढे कोसळला. सामना कोण जिंकलं, हे सरांनी नंतर कुणालाच विचारलं नाही.

दवाखान्यात लंबूला आत नेलं. बाहेर सर होते आणि जर्सीतच धावत आलेला कॅप्टन. ताई कामावरून तशीच आली, गळ्यातली मापाची टेप काढायचंही भान नव्हतं तिला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आधी कधी असं झालं होतं? छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर? नीट आठवून सांगा, पुढचे उपचार त्यावर ठरणार आहेत."

"नाही," कॅप्टन पटकन म्हणाला. "आजच पहिल्यांदा. सरांनी तर लगेच बाहेर बसवलं त्याला."

ताईनं भावाचा हात घट्ट धरला. "तू होतास म्हणून रे! दुसरा कुणी असता तर बघितलंही नसतं."

सरांनी कॅप्टनकडे पाहिलं. पोरगा समोरच्या भिंतीकडे टक लावून उभा होता. तो आपल्याला वाचवत होता, आपणच घालून दिलेल्या कायद्यानं, हे सरांना कळलं. गप्प बसणं किती सोपं होतं! ताईचा हात हातात होता.

"खोटं बोलतोय तो," सर म्हणाले. "सीझन सुरू झाल्यापासून होतंय. मी पाहिलंय."

कॅप्टनला रडू फुटलं. "सरावात चक्कर येऊनही पडला होता, सर. आम्ही तुम्हाला कळू दिलं नाही. तुम्ही इतके खूश होता..."

"सीझन म्हणजे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कित्येक महिने," सर म्हणाले.

बाईंचा चेहरा बदलला. त्या कुणाला तरी हाका मारत आत पळाल्या आणि दार बंद झालं.

ताईनं हात सोडवून घेतला. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"मला सांगायचंस ना रे," ती म्हणाली. "मी त्याला घरी ठेवला असता. तुला दुसरा खेळाडू मिळाला असता. मला कुठून मिळणार होता?"

आणि ती जाऊन बंद दाराला कान लावून उभी राहिली.