बायकोच्या सायकलचं माप

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं टेलरिंगचं दुकान आहे. माप घेतल्याशिवाय मी कुणाच्या कापडाला कातर लावत नाही. ओळखीचं गिऱ्हाईक ‘जुन्याच मापावर शिवा’ म्हणालं तरी मी गळ्यातली टेप काढतोच. वर्षभरात माणूस बदलतो आणि त्याला ते कळत नाही. अशा मी स्वतःच्या बायकोसाठी सायकल आणली ती नुसत्या अंदाजावर. तेवढंच असतं तर चूक म्हणून खपलं असतं. पण त्या सायकलने तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मी चारचौघांत दोष तिच्या गुडघ्यांना दिला. हे लिहायला बसलो तेव्हा आधी सायकलचं कौतुक लिहावं आणि हे मागून कुठेतरी घुसवावं असं मनात आलं होतं. म्हणून हे सुरुवातीलाच लिहून टाकलं.

सायकलचं वेड मला पन्नाशीच्या तोंडावर लागलं. मशीनवर वाकून पाठ धरायची. डॉक्टर म्हणाले, चालत जा. चालण्याचा मला कंटाळा. मग मनाने घेतलं की दिवाळीच्या सुट्टीत सायकलवर निघायचं, दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडायची, आगरदांडा, मुरूड, काशीद करत अलिबाग गाठायचं. बायको अंगणवाडी सेविका आहे. तिला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “मी पण येते.”

“एवढं लांब?”

“तुम्ही जाताय तेवढंच लांब ना?”

माणगावच्या दुकानात मी माझ्या सायकलसाठी अख्खा दिवस घालवला. दुकानदाराने आधी बारीक टायरची, हँडल खाली गेलेली एक झकपक सायकल काढली. तिच्यावर बसलो तर मशीनवर बसल्यासारखीच पाठ वाकली. ती परत केली. मग अॅल्युमिनियम की लोखंड यावर आमचा वाद झाला. अॅल्युमिनियम हलकं, गंजत नाही, खाऱ्या हवेला बरं. पण वाटेत दांडी तुटली तर लोखंडाला टाका मारणारा वेल्डर आपल्याकडे दर गावात आहे, आणि गंजाला तेलाचा हात पुरतो. शिवाय लोखंडी सायकल खड्ड्यात थोडी लवते, अंगाला दणका कमी बसतो. लोखंडी घेतली. टायर मध्यम रुंदीचे, चढासाठी हलके गिअर. सीट निवडताना तर मी कोटाच्या खांद्याचं पॅड दाबून बघावं तसा अंगठ्याने दाबून बघत होतो. मऊ सीट हाताला गोड लागते, पण तासाभराने माणूस तिच्यात रुततो आणि मांड्या घासतात. मशीनवर बसणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. लाकडी स्टुलावर घडी घातलेली चादर, हेच खरं आसन. मी घट्ट, जरा अरुंद सीट घेतली. हँडल खांद्यांना ताण येणार नाही इतकं वर करून घेतलं. घरी आल्यावर ट्रकच्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवल्या, दुहेरी शिलाईच्या, पाणी आत जाणार नाही अशा झडपेच्या, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या. इतक्या आनंदाने मी स्वतःच्या लग्नाचा शर्टही शिवला नव्हता.

आणि तिची सायकल? संध्याकाळ झाली होती, दुकानदार शटरकडे बघायला लागला होता. तिच्यासाठी त्याने एक जांभळी लेडीज सायकल दाखवली, पुढे टोपली, उशीसारखी फुगीर सीट. त्याने विचारलं, “वहिनींची उंची किती?”

“असेल साधारण,” मी म्हणालो.

बाईची उंची ‘असेल साधारण’. माझ्या दुकानात कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला कापडासकट परत पाठवलं असतं. वर घरी आणून मी तिची सीट पार खाली ठोकून घट्ट आवळली, का तर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, पडू नये. तेव्हा मला ती काळजीच वाटत होती.

सरावासाठी आम्ही पहिल्यांदा तिच्या थोरल्या भावाकडे, दादांकडे श्रीवर्धनला निघालो. दादा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तिला सायकल त्यांनीच शिकवली होती, नळीखालून पाय घालून हाफ पायडल. त्यांच्या सांगण्यानुसार आळीतला एकही मुलगा तिच्या पुढे जात नसे. शेखाडीच्या चढावर मात्र ती उतरली. गुडघे धरून कठड्यावर बसली. शेवटी दोन्ही सायकली टेम्पोत घातल्या.

दादांच्या ओटीवर चहा आला. दादांनी विचारलं, “काय गं, टेम्पोतनं?”

तिने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “तिच्यात आता दम न्हाय दादा. पोरांत बसून बसून गुडघे गंजले. माझी सायकल बघा, वाऱ्यासारखी आली असती.”

सगळे हसले. दादाही हसले, पण जरा उशिरा. ती कप उचलून आत गेली. घरी आल्यावर तिने ती सायकल पडवीत लावली, आणि थोड्याच दिवसांत टोपलीत कोंबडी अंडी घालायला लागली.

पुढे एका सकाळी माझ्या सायकलचं चाक दुरुस्तीला दिलेलं होतं आणि दिवेआगरला लग्नघरी ब्लाउज पोचवायचे होते. कोंबडीला उठवलं आणि तिची सायकल काढली. घाई होती, सीटला हात लावला नाही. तसंही उंचीला आम्ही दोघं सारखेच. तीच बोटभर जास्त.

बाजारातून जाताना पानवाला ओरडला, “टेलर, जांभळी चांगली दिसते. मॅचिंग ब्लाउज शिवला का न्हाय?”

“तुझ्या मापाचा शिवतोय,” मी म्हणालो. दिवेआगरपर्यंत मी हसतच गेलो. येताना हसू गेलं. पायडल मारताना गुडघे पोटाशी येत होते, ताण सगळा वाटीवर. फुगीर सीटवर बूड रुतलेलं. बोर्लीच्या अलीकडे साधासा चढ आहे, म्हशीसुद्धा रमतगमत चढतात, तिथे मी उतरलो आणि दोन्ही गुडघे धरून उभा राहिलो. अगदी तिच्यासारखा.

त्या दिवशी दुपारची झोप आली नाही. ती अंगणवाडीतून आली तेव्हा मी टेप घेऊन पडवीत उभा होतो.

“भिंतीला पाठ लाव,” मी म्हणालो.

“कशाला? ब्लाउज तर झाले माझे.”

“सायकलचं माप घ्यायचंय.”

तिने माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं. “आता?” एवढंच म्हणाली. पण चप्पल काढून भिंतीला लागून उभी राहिली. मी मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, मग खांद्यापासून मुठीपर्यंत. ती वरून म्हणाली, “गुदगुल्या होतात. नीट धरा, गिऱ्हाईक समजा.”

सीटचा दांडा बराच वर आला. पायडल खाली गेल्यावर गुडघ्यात नावाला बाक राहील इतका. फुगीर सीट काढून घट्ट सीट बसवली, ती मात्र तिने स्वतः बसून, उठून, परत बसून पसंत केली. हँडल जवळ घेतलं. पुढची दातेरी चकती लहान टाकून घेतली, म्हणजे चढ हलका जावा. नवीन सायकल घ्यायची गरजच पडली नाही. टोपली काढून टाकू म्हटलं तर ती म्हणाली, “राहू दे. तुम्हाला सगळंच काढायचं असतं.” तिच्यासाठी पिशव्या शिवल्या त्या तिने सांगितलेल्या रंगाच्या, आत पाण्याच्या बाटलीचा कप्पा करून.

दिवाळीत निघालो. दिघीच्या उताराला तिने ब्रेक सोडले आणि मी मागून “अगं, हळू” म्हणत राहिलो. फेरीबोटीवर आमच्या सायकली दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये उभ्या होत्या, आणि एक पर्यटक बाई तिला विचारत होती, “मावशी, खरंच अलिबागपर्यंत?” “मी जाते. यांचं बघू,” असं म्हणून ती खाडीवरच्या वाऱ्याला तोंड करून उभी राहिली. मुरूडच्या पुढे रस्ता समुद्राला चिकटून जातो. तिथे ती माझ्या पुढे होती. तिच्या पिशव्यांचा पिवळा रंग वळणावर नाहीसा व्हायचा, मी नेट लावायचो, परत दिसायचा. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

काशीदला सुरूच्या सावलीत भाकरी आणि सुकटीची चटणी खाताना मी धीर केला. म्हटलं, “तेव्हा चूक माझी होती. सायकलच वाकडी होती.”

“मला माहीतच होतं,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशीच कळलं होतं. गुडघे माझे आहेत.”

“मग बोलली का नाहीस?”

“दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, सवय होईल.” तिने भाकरीचा तुकडा मोडला. “मला सांगून काय उपयोग आता? दादाला अजून वाटतं, माझं झालं संपलं. परवा फोनवर म्हणाला, जपून राहा. त्याने शिकवलीय मला सायकल.”

तिथून अलिबागपर्यंत आम्ही मजेत गेलो, खोटं कशाला सांगू. पण तिचं ते बोलणं माझ्या पिशवीत बसलं होतं.

अलिबागहून घरी परतलो आणि सुट्टी संपायच्या आत आम्ही श्रीवर्धनला निघालो. वाटेत समुद्र चकाकत होता. शेखाडीच्या चढावर ती सीटवरून उठलीसुद्धा नाही, एका लयीत वर गेली आणि वरच्या वळणावर पाय टेकून माझी वाट बघत राहिली. मी धापा टाकत पोचलो तर म्हणाली, “घाम पुसा. दादा बघेल.”

दादा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. आम्हाला बघून उठले. “जय भीम, भावोजी. टेम्पो कुठं सोडला?”

दादांच्या घरच्या वहिनी हसत बाहेर आल्या. बायकोही हसली आणि सायकल लावायला वळली. दिसलंच की सगळ्यांना, आता वेगळं काय बोलायचं, असं माझ्या मनात आलं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, आणि चहासुद्धा येत होता. पण मी तिला म्हणालो, “थांब जरा इथं.”

“दादा,” मी म्हणालो, “तुमच्या बहिणीच्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. सायकल मी माप न घेता आणली. सीट मी खाली ठोकली. ती दुखतंय म्हणाली, ते मी ऐकलं नाही. आणि या ओटीवर तुमच्यासमोर मी दोष तिला दिला, कारण टेलरचं माप चुकलं हे सांगायची मला लाज वाटली.”

दादांच्या हातातला अडकित्ता थांबला. “असू दे ओ, भावोजी,” ते पुटपुटले.

“न्हाय, असू द्यायचं न्हाय,” मी म्हणालो, आणि तिच्याकडे वळलो. ती टोपलीला हात लावून उभी होती. “तुला मी तुझ्या माणसांत कमी केलं. मला माफ कर.”