जनावर शेवटी कुठे गेलं

आमच्या लहानपणी पोलादपूरच्या माणसाला कुठल्याच सिनेमाचा शेवट माहीत नसे. थिएटर महाडला, आणि पोलादपूरला येणारी शेवटची एसटी संध्याकाळचा खेळ संपायच्या जरा आधी सुटायची. पडद्यावर मारामारी ऐन रंगात आली, की अर्धं थिएटर चपला शोधायला खाली वाकायचं. महाडकर मात्र ऐसपैस बसून आमच्याकडे दयेने बघायचे. उरलेला सिनेमा आम्ही एसटीत बसून आपापसात पुरा करायचो. ज्याचा आवाज मोठा, त्याचा शेवट खरा. एकदा तर कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता खलनायकाला कड्यावरून खाली लोटलं आणि सगळ्या गाडीने ते मान्य केलं.

माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे आवाज त्यांचाच मोठा. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलेलं नव्हतं. लग्नानंतर ते आईला पहिल्यांदा सिनेमाला घेऊन गेले, तो एका अजस्र जनावराचा होता. सिनेमा इंग्रजी, पण जनावराला भाषा लागत नाही. आई वरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, तिने त्याआधी पडदाच पाहिला नव्हता. समुद्रातून वर आलेलं ते जनावर वाट चुकून शहरात फिरतं, पूल मोडतं, घाबरून ओरडतं, आणि सगळ्या तोफा त्याच्यावर रोखल्या जातात. नेमके तेव्हाच वडील उठले. “चल, गाडी चुकेल.”

एसटीत आईने विचारलं, “मग त्याचं काय झालं ओ?”

“गेलं परत समुद्रात,” वडील म्हणाले.

आई सांगायची, की ते ऐकून तिला एवढं बरं वाटलं, की या माणसाजवळ आपलं निभेल हे तिने त्या गाडीतच ठरवलं. पुढे आम्हा भावंडांना जेवू घालताना ती हीच गोष्ट सांगे. तिचं जनावर आमच्या सावित्री नदीतून दासगावच्या खाडीकडे जाई, आणि काठावर ऊन खात पडलेल्या मगरी त्याला वाट देत. ते शहर कुठल्या देशातलं, याची तिला फिकीर नव्हती.

मी महाडला कॉलेजात जायला लागले, तेव्हा त्याच सिनेमाची नवी आवृत्ती येऊन थडकली. आता जनावर सोडून सगळे हिंदी बोलत होते. बघण्यासारखा आहे की नाही, यावर दोन्ही गावांत वाद पेटला. मुंबईहून सुट्टीला आलेले म्हणत, “बॉस, सगळं कॉम्प्युटरवर बनवलंय, एकदम टॉप.” महाडच्या बाजारपेठेतले दुकानदार म्हणत, की दर पावसाळ्यात नदी दुकानात शिरून फळ्या मोडते, ते आम्ही फुकट बघतो, तिकीट काढून काय बघायचं? माझी एक महाडकर मैत्रीण मात्र शांतपणे म्हणाली, “जुन्यात शेवटी मारतात त्याला. नव्यातही मारतात म्हणे. माझ्या बाबांनी जुना पूर्ण पाहिलाय.”

पूर्ण पाहिलाय, हे तिने ज्या तोऱ्यात सांगितलं, तो मला अजून झोंबतो.

घरी आल्यावर मी ते ओटीवर वडिलांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. “आईला बोललीस?”

“नाही.”

“नको बोलू.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक समीक्षक जन्माला आला. न पाहिलेल्या सिनेमावर इतकं कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. भीती काळ्या-पांढऱ्यातच वाटते, रंगीत जनावर म्हणजे जत्रेतलं सोंग. जुन्या जनावराच्या आत निदान एक घामाघूम माणूस होता, आता आत कोणीच नाही. नक्कल बघायला जाणं हा मूळ कलाकाराचा अपमान. जो येईल त्याला चहाबरोबर हे सगळं मिळायचं. शेजारच्या जीपवाल्यालाही मिळालं. तो म्हणाला, “गुरुजी, मी नेतो ना. आता एसटीची घाई नाय, खेळ सुटेस्तो थांबतो.”

आई आतून बाहेर आली. “मला बघायचा हाय. ता समुद्रात कसा गेला, तेवढा बघायचा राह्यला माझा.”

वडील सदरा बदलायला आत गेले.

आम्ही गेलो. आईने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. वडील पूर्वीच्याच बाजूला, दाराजवळ बसले. जीपवाला आमच्या पुढच्या रांगेत. सिनेमा वाईट नव्हता, हे मला कबूल करावंच लागेल. जनावर अवाढव्य होतं, पावसात निथळत होतं, आणि हिंदी बोलणारे शास्त्रज्ञ त्याच्याबद्दल जे काही अकलेचे तारे तोडत होते, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. आई पुढे सरकून बसली होती. पूल मोडला. तोफा आल्या. पहिला गोळा लागला, तसा आईचा हात तोंडावर गेला. मला थिएटरची, मैत्रिणीची, त्या जीपवाल्याच्या शेजारधर्माची, सगळ्यांची चीड आली.

तेवढ्यात वडील उठले. “चल,” ते म्हणाले, “गाडी चुकेल.”

गाडीचा मालक पुढच्याच रांगेत शेंगदाणे खात बसला होता. किल्ली त्याच्या बोटात दिसत होती. आईने त्या किल्लीकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. आणि ती चपला शोधायला खाली वाकली.

मीही वाकले.

बाहेर जीप बंद होती, म्हणून आम्ही तिला टेकून उभे राहिलो. आतून गोळ्यांचा आवाज येत होता. वडील थिएटरच्या पाटीकडे बघत होते, जणू ती पहिल्यांदाच वाचत होते. त्यांचा आवाज त्या दिवशी नेहमीसारखा मोठा निघाला नाही.

“बरा होता,” ते म्हणाले. “पण जुन्याची सर नाही.”

“नाय,” आई म्हणाली. मग तिने विचारलं, “गेला ना पन परत?”

“गेलं,” वडील म्हणाले.

खेळ सुटला. महाडकर ऐसपैस बाहेर आले. सगळ्यांच्या शेवटी जीपवाला आला, डोळे पुसत, नाक ओढत. एवढा मोठा बाप्या, पण पार हललेला. “काकी, तुम्ही उठलात कशाला? शेवटी काय झाला म्हायती हाय, त्या बिचाऱ्याला...”

“मला म्हायती हाय,” आई म्हणाली. “तू गाडी काढ.”