दुपारी न सांगितलेली गोष्ट

साहित्यप्रकार हा विषय मला फार चांगला शिकवता येतो, असा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत माझा समज होता. मुरबाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सातवीला मराठी शिकवायचे. वर्गाच्या भिंतीवर मी स्वतः रंगवलेला तक्ता होता. कथा, कविता, नाटक, चरित्र, आत्मकथन, प्रवासवर्णन, पत्र. प्रत्येकासमोर चौकटीत व्याख्या आणि खाली ओळखायची खूण. पोरं ते सगळं घडाघड म्हणायची. कुणी साहेब शाळेत आले की मी मुद्दाम त्या तक्त्याजवळ उभी राहायचे. आज तो कुणी माझ्यासमोर धरला तर मी तो फाडीन, आणि हे मी रागाच्या भरात नाही, विचार करून लिहिते आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वार्षिक परीक्षेत मराठीची तोंडी वीस गुणांची असायची. दहा गुण वाचनाला, दहा कथाकथनाला. कथाकथनात पोरं पुस्तकातला धडाच पाठ म्हणून दाखवायची, मला त्याचा कंटाळा आला होता. त्या वर्षी मी फर्मान काढलं की पुस्तकातलं काही चालणार नाही. घरी ऐकलेली, आपल्या माणसांनी सांगितलेली गोष्टच सांगायची. मला वाटलं मी फार मोठी सुधारणा केली.

शुक्रवारी दुपारी एकला तोंडी सुरू झाली. शाळेपासून अर्ध्या तासावर डोंगराच्या पायथ्याला एक पाडा होता, तिथली एक मुलगी समोर आली. अंगानं काटकुळी, वर्गात फारसं न बोलणारी. वाचन तिनं बरं केलं, मी सात दिले. मग म्हटलं, "आता गोष्ट सांग."

तिनं खिडकीबाहेर बघितलं. "आता?"

"मग काय पुढच्या वर्षी?"

"आता नाय बाई."

"का नाही? येत नाही का?"

"येते. पन आता नाय सांगायची."

एवढं बोलून तिनं ओठ मिटले ते मिटलेच. मी समजावलं, दरडावलं, बाकीच्यांना पाच मिनिटांसाठी बाहेर काढलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी. येते पण सांगत नाही, हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी रकान्यात शून्य लिहिलं आणि तिला दिसेल असं लिहिलं. ती पाया पडून गेली. परीक्षा झाली की बाईंच्या पाया पडायचं अशी तिथली रीत होती.

शून्याचा अर्थ मला लगेच कळला नाही. रात्री खोलीवर लेखी गुण जोडताना कळला. ऐंशीपैकी चोवीस आणि वाचनाचे सात मिळून एकतीस होत होते. पास व्हायला पस्तीस लागायचे, ती चार गुणांनी नापास होत होती. आणि तिचा बाप पालकसभेत सर्वांसमोर सरळ बोलून गेला होता, "पास झाली तर आठवीला धाडीन. नापास झाली तर घरी बसंल, शेतावर हात कमी हायत." मोठा भाऊ भिवंडीला गोदामात कामाला लागल्यापासून भात आणि नाचणी नवराबायकोच दोघं बघत होती. तो बाप बोललेलं फिरवणारा नव्हता.

शनिवारी अर्धी शाळा करून मी शहापूरला आले आणि तिथून आटगावजवळ माझ्या घरी. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, दर आठवड्याला घरी यायचे. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी चप्पल काढायच्या आधी त्या मुलीची तक्रार सुरू केली. किती उद्धट, किती हट्टी, येते म्हणते आणि सांगत नाही.

आईनं सूप थांबवलं. "कवा सांगायला लावलीस?"

"दुपारी. परीक्षा दुपारीच असते."

"दुपारची गोष्ट? आनि पोरीचा मामा वाट चुकला म्हंजे तू जानार होतीस गो शोधायला?"

मी तिथंच पायरीवर बसले. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी मी स्वतः दुपारी गोष्टीसाठी हट्ट केला की याच आईनं मला हेच सांगून गप्प केलं होतं, आणि मी माझ्या मामाच्या काळजीनं दिवे लागेपर्यंत गप्प बसले होते. डी.एड.ची दोन वर्षं आणि नोकरीची चार, एवढ्यात मी ते धुऊन टाकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा माझा प्रकार. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला. पण या वेळी तो मुलीवर नव्हता.

सोमवारी मी तिला व्हरांड्यात बोलावलं आणि विचारलं, "मामा वाट चुकेल म्हणून नाही सांगितलीस ना?"

तिनं मान हलवली. "मामा त्याच दिशी घाटावरून येत व्हता बाई. पायवाटेनं."

"आला का नीट?"

"आला ना. मी कुठं सांगितली?"

मग मी तिला विचारत गेले आणि ती सांगत गेली. गोष्ट दिवा लागल्यावर. पण घडलेलं असेल ते कधीपण सांगायचं, त्याला वेळ नाही, उलट लवकर सांगायचं म्हणजे विसरत नाही. लावणीचं गाणं चिखलात उभं राहूनच, घरात बसून म्हटलं तर बाया हसतात. हळदीचं गाणं लग्न नसताना म्हणायचं नाही. कोडी गोष्टीच्या आधी घालायची, पोरं जागी राहावीत म्हणून. आणि पुस्तकातला धडा? "ती गोष्ट नाय, तो धडा हाय. तो कधीपन." म्हणजे बाकीच्या पोरांनी आजवर दुपारी माझ्यासमोर धडे म्हटले ते याच हिशोबानं. त्या शुक्रवारीही त्यांनी घरची गोष्ट म्हणून मागच्या इयत्तांचे धडेच खपवले होते. माझ्या तक्त्यात सात प्रकार होते आणि एकाचंही नातं कुठल्या वेळेशी, कुठल्या कामाशी नव्हतं. या मुलीनं कुठलीही व्याख्या न शिकता कोणतं बोलणं कोणत्या जातीचं हे ओळखलं होतं. आणि मी तिला शून्य दिलं होतं.

"मग घडलेलं सांग," मी म्हटलं.

ती लगेच बोलायला लागली. "आमचा बैल म्हसाच्या जत्रेत विकला. घेनाऱ्याच्या टेंपोत तो चढं ना. चार जनं ओढत व्हती, तो पाय रोवून उभा. बाबा बोलला, तू वर जा आनि हाक मार. मी टेंपोत चढले न् हाक मारली. तो आला. मंग मी खाली उतरले."

बस, एवढंच. रडलीही नाही. मी वर्गात जाऊन शून्य खोडलं, नऊ लिहिले, बाजूला सही केली.

गुणपत्रक मुख्याध्यापकांकडे गेलं आणि त्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. दप्तर चोख ठेवायचा आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली म्हणून प्रत्येक खाडाखोडीला भ्यायचा. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"बाई, प्रश्न आहे कथा सांगा. तिनं सांगितला अनुभव. आत्मकथन झालं हे. तुमच्याच तक्त्यात आहे बघा."

माझाच तक्ता माझ्या तोंडावर फेकला त्यांनी, आणि तो चुकीचा आहे असं म्हणायला मी तयार होतेच. "मग तक्ता चुकला," मी म्हटलं.

"असं कसं? बरं, वाद नको. चार कृपांक देऊ, पोरगी पास, विषय संपला."

इथं शहाण्या बाईनं हो म्हटलं असतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कृपा कसली? तिनं चूक केली असती तर कृपा ठीक होती. चूक माझी, आणि पत्रकात कायमचं लिहिलं जाणार की हिच्यावर शाळेनं दया केली. मी म्हटलं, "कृपांक नकोत. तिचे गुण तिला द्या."

आता त्यांनाही राग आला. "ठीक आहे. मग तिनं माझ्यासमोर कथा सांगावी. आत्ता. मी स्वतः गुण देतो. नाही सांगितली तर शून्य कायम, आणि कृपांकही नाहीत."

शिपाई मुलीला घेऊन आला. दुपारचे साडेतीन वाजले होते. माझ्या हट्टापायी मी तिचा हमखास पास होण्याचा रस्ता बंद केला होता, हे मला तेव्हा कळलं. मी मनात म्हणत होते, सांगून टाक गं बाई, मामा आता घरी पोचलाय. पण ते मोठ्यानं म्हणायची माझी छाती झाली नाही.

तिनं सरांचं म्हणणं ऐकून घेतलं. सर उठले, ट्यूबलाइटचं बटण दाबलं. "हा बघ, दिवा लागला. सांग आता."

"भाहेर ऊन हाय सर," ती म्हणाली.

"नापास होशील."

तिनं माझ्याकडे नाही, सरांकडेच बघितलं. घाबरली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण आवाज साफ होता. "दिवा लागल्यावर सांगन. तुमी थांबा ना सर. घरी या, चा ठेवीन."

सरांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांची मुरबाडची शेवटची एसटी सहाची होती, ती चुकवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "मी थांबते. वेळ लिहून गुण देते. सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा."

संध्याकाळी मी तिच्या पाड्यावर गेले. ओटीवर आईबाप होते, घाटावरचा मामा होता, शेजारच्या चार बाया आल्या होत्या. तिच्या आईनं देवापुढं दिवा लावला आणि मुलगी माझ्यासमोर मांडी घालून बसली. वर्गात ओठ न उघडणारी ती पोर दोन माणसांचे आवाज काढत होती, मध्येच थांबून आम्हाला हुंकार द्यायला लावत होती. बाप मान खाली घालून ऐकत होता आणि एका ठिकाणी हसला. ती गोष्ट मी इथं लिहीत नाही. तुम्ही हे दिवसा वाचत असाल. मी दहापैकी दहा दिले आणि पुढं लिहिलं, वेळ संध्याकाळी सव्वासात, परीक्षकाने आधी चुकीच्या वेळी विचारले होते. त्यांच्याकडेच जेवले, तिथंच झोपले.

सकाळी सरांनी पत्रक दोनदा वाचलं आणि सही केली. जूनमध्ये ती आठवीला गेली. तिचा बाप स्वतः सोडायला गेला होता.

वर्षअखेरीला माझ्या गोपनीय अहवालात सरांनी शेरा मारला: परीक्षेच्या वेळेबाबत शिस्त पाळत नाहीत. शेरा प्रतिकूल असला की तो दाखवतात, खाली आपलं म्हणणं मांडायला चार ओळी जागा असते. सोबतच्या बाई म्हणाल्या, खुलासा लिही, बढतीला आडवा येईल. मी तो शेरा नीट वाचला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी त्या चार ओळींत एकच शब्द लिहिला, मान्य, आणि खाली सही केली.