पुण्याच्या जनरलसाहेबांना माझा अर्ज

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. थोरला भाऊ पलटणीबरोबर काश्मीरकडं. त्याचं लग्न ठरलं, मुलगी सांगलीकडची, मुहूर्त वैशाखातला, आणि नवरदेवाच्या रजेचा पत्ता नाही. अर्ज दिलाय, एवढं एका पत्रातनं कळलं होतं; पुढं महिनाभर चिडीचूप.

कोरेगावजवळच्या आमच्या गावात घरटी एक गडी फौजेत. पण शिकलेला म्हणून आईचा भरवसा माझ्यावर. मी इस्लामपूरकडं एका साखर कारखान्यात कारकून होतो. तिथं अडलेलं काम थेट चेअरमनांपुढं नेलं की सुटायचं. फौज म्हणजे जरा मोठा कारखाना, अशी माझी समजूत. लष्कराची जवळची कमांड पुण्याची. मग काय, दोन पानी इंग्रजी अर्ज टाइप केला, भावाच्या कंपनी कमांडरला ‘माहितीसाठी’ एक प्रत लावली, आणि दोन्ही रजिस्टर पोस्टानं रवाना.

सुट्टीला गावी आल्यावर ही कामगिरी मी आपणहून पारावर सांगितली. शेजारचे रिटायर सुभेदार तंबाखू मळायचे थांबले.

"कुणाला लिवलंस?"

"थेट जनरलसाहेबांना, तात्या."

"कुठल्या?"

"पुण्याच्या. आपल्याला तेच जवळ."

"आरं गड्या, एस्टीचा डेपो हाय व्हय त्यो, जवळचा बघून जायला? गडी कुठल्या बी गावचा असू दे, पलटण जिथं हुबी, तिथली कमांड त्याची. तुझा भाऊ पुण्याच्या हाताखाली न्हाईच! आन असता तरी? कमांडखाली कोअर, तिच्याखाली डिव्हिजन, मग ब्रिगेड, मग पलटण, मग कंपनी. रजा सुटती कंपनीतनं. जनरल काय रजेचं रजिस्टर मांडीवर घिऊन बसतोय?"

"पण नुकसान तर काही नाही ना?"

"न्हाई कसं? प्रत धाडलीस न्हवं? कमांडर म्हणंल, ह्यानं घरच्यांकडनं माझ्या डोक्यावरनं अर्ज लावला. रजा ऱ्हायली बाजूला, साहेबापुढं पेशी व्हईल त्याची!"

आईला हे कळायला पारापासून आमच्या घरापर्यंतचा वेळ लागला. "आवं, ह्याला शिकवलाच कशाला आपुन?" एवढंच ती वडिलांना म्हणाली. वडिलांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, म्हणजे त्यांनाही तोच प्रश्न पडला असावा.

पुढचे दोन आठवडे मी पोस्टमनला बघितलं की परसात जायचो. आणि लग्नाला नऊ दिवस असताना तार आली: उद्या सकाळच्या गाडीनं येतो.

कोरेगाव स्टेशनवर भाऊ उतरला. रामराम नाही, काही नाही, मी विचारलं, "दादा, पेशी झाली?"

"झाली की. साहेबानं कागद दाखवला. म्हणाला, भाई क्या करता है? म्हटलं, कारखान्यात क्लार्क हाय. तर लय हसला. रजा आधीच मंजूर हुती, बर्फानं रस्ता बंद म्हणून अडाकलो. साहेब म्हणाला, भावाला सांग, पुढच्या खेपंला मलाच लिव. मी जनरलपरास लवकर उत्तर देतो."

मला इतके दिवस न आलेलं हसू आत्ता आलं, ते थांबेना.

"हसतोस काय, उचल," भाऊ म्हणाला. त्याची ती लोखंडी ट्रंक मी एस्टी स्टँडपर्यंत डोक्यावरनं नेली, आणि मान मोडायची वेळ आली तरी बदली गडी मागायला कुणाकडं अर्ज केला नाही.