एक किलोचा ट्रिगर

चाळिशीत पिस्तूल हातात घेणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात: कुणाला मारायचंय, आणि नवरा काय म्हणतो? मी उत्तरं द्यायचं सोडून दिलं आहे. सुट्टीच्या दिवशी व्हाइटफील्डहून मेट्रोने मल्लेश्वरमच्या क्लबात जाते आणि पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोकं पाडते, एवढंच.

क्लबचं जे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल माझ्या वाट्याला आलं, त्याचा ट्रिगर खरखरीत होता. दाबताना मध्येच अडखळायचा आणि गोळी डावीकडे जायची. पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या अण्णांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं, त्यामुळे त्यांची मराठी घरची असली तरी निम्मी कानडीत भिजलेली. "स्वल्प थांबा अक्का," म्हणाले. हे स्वल्प तीन आठवडे चाललं. आतला एखादा भाग बारीक दगडावर दोनदा घासायचा, पिस्तूल जोडायचं, डोळे मिटून रिकामा ट्रिगर ओढून बघायचा आणि पुन्हा सगळं उघडायचं. मी शेजारी बसून चडफडत होते. शेवटी पिस्तूल हातात आलं तेव्हा ट्रिगर कधी सुटला ते मला कळलंच नाही. मी लहान मुलीसारखी हसले.

"ट्रिगरचं वजन किलोच्या स्वल्प वर ठेवलंय. त्या स्क्रूला हात लावू नका, सरी? कळलं ना?"

आमच्या प्रकारात नियमच तसा आहे. स्पर्धेआधी ट्रिगरला एक किलोचं वजन टांगून पिस्तूल वर उचलतात. ट्रिगर सुटला, तर ते नीट करून आणेपर्यंत तुम्हाला उभं राहू देत नाहीत. अण्णांच्या हातचं पिस्तूल या तपासणीत कधी अडलेलं नव्हतं. दुसऱ्या क्लबांतले नेमबाजही याच भरवशावर त्यांच्याकडे यायचे.

आणि मी माझ्या पहिल्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, सरावानंतर, तो स्क्रू किंचित फिरवला. आणखी थोडा हलका झाला तर काय बिघडेल? शुक्रवारी संध्याकाळी चालू सिस्टीमला हात लावायचा नाही, हे मी ऑफिसात नव्या मुलांना दटावून शिकवते. तो वारही शुक्रवारच होता.

सकाळी तपासनिसाने वजन टांगलं, पिस्तूल उचललं आणि ट्रिगर सुटला. पुन्हा उचललं, पुन्हा सुटला. मागे रांग होती. त्यातल्या एकाने मोठ्याने विचारलं, "हे अण्णांनीच केलेलं ना?" मी तोंड उघडायच्या आत क्लबासोबत आलेले अण्णा पुढे आले. "नन्नदे तप्पु, सर. चूक माझीच," म्हणाले. त्यांनी स्क्रू जागेवर आणला आणि या वेळी ट्रिगरने वजन पेललं. मी पिस्तूल उचललं आणि माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

त्या दिवशी मला आजवरचे सगळ्यात चांगले गुण पडले. माझी फेरी संपल्यावर मी थेट अण्णांकडे गेले.

"अण्णा, स्क्रू मी फिरवला होता."

"ठाऊक आहे की."

"मग तुमचं नाव का घातलंत मध्ये?"

"हात कापत होते तुमचे. सगळ्यांसमोर बोलणी खाऊन नेम लागला असता काय? मला कुठं नेम धरायचाय आज?"

पुढच्या गटाची रांग अजून तपासणीच्या टेबलापाशी होती. मी तिथे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आधी इंग्रजीत आणि मग मोडक्या कानडीत, की चूक माझी होती, अण्णांची नव्हे. दोघंतिघं हसले, हसू देत. वीस वर्षं नोकरी करते आहे. माझी चूक अशी कुणी अंगावर घेतली नव्हती. आणि मी तरी कुणाची घेतली आहे?