शेषरावनं फिरवलेली कळ

फोन सकाळी आला. पलीकडून गजू बोलत होता, शेषरावचा मुलगा. "काका, बाबा गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" मग मी आणखी एक पाऊल पुढं टाकलं, "कोण बोलून राह्यलं?" असं दरडावलं. हल्ली फोनवर कोणीही कोणाचं नाव सांगतो. बिचाऱ्या गजूनं स्वतःचं नाव, बापाचं नाव, दुसरबीडचं दुकान, सगळं पुन्हा सांगितलं, आणि मग "झोपेतच गेले, त्रास नाई झाला" असं म्हणून त्यानंच माझी समजूत घातली. बापाच्या मरणाचा दाखला मागणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला असेल.

संशय हा माझा जोडधंदा आहे. मुख्य धंदा गणित शिकवण्याचा होता, त्यातून निवृत्त होऊन लोणारला राहायला आलो. जोडधंद्यातून निवृत्ती नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मुलगी तीच आहे ना, हे मी तिच्या मामांना डोळ्यांनी विचारलं होतं. मामांनी मान हलवली, पण मला त्यांचाही भरवसा वाटेना. या स्वभावापायी माझे बरेच घोटाळे झाले, त्यांतले बहुतेक मी चवीनं सांगतो. एक मात्र कधी सांगितला नाही. तीसेक वर्षांपूर्वी मी शेषराववर भर बाजारात खोटा आळ घेतला. तो खोटा आहे हे मला लवकरच कळलं, आणि तरीही तो मी परत घेतला नाही. आज घेईन, उद्या घेईन म्हणता म्हणता गजूचा फोन आला.

नोकरीच्या सुरुवातीला माझी नेमणूक दुसरबीडच्या शाळेत झाली. रस्त्याला लागूनच शेषरावचं दुकान होतं. तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. जुनी तार काढायची, साच्यावर तांब्याच्या नव्या तारेचे वेढे घालायचे, आणि ते गुंडाळे मोटारीच्या पोटात बसवायचे. दुकानात कायम व्हार्निशचा वास. एक दिवस जालन्याहून एका टेम्पोत कपाटाएवढा खोका आला. समोर काच, खाली एक दांडी आणि सहा बटनं. काचेत दोन पैलवान एकमेकांना बुकलत होते. एक आपला, एक मशीनचा. गिऱ्हाईक मोटारीसाठी ताटकळतं, त्याला तेवढाच विरंगुळा, असं शेषरावचं म्हणणं. आठ दिवसांत मोटार न जळलेली माणसंही येऊन ताटकळायला लागली.

त्यांत मीही होतो. मास्तरनं असलं खेळणं शोभत नाही, म्हणून मी बसची चौकशी करायला आल्यासारखा यायचो. खेळायची माझी पद्धत अशी, की सहाही बटनं दोन्ही हातांनी जात्यात दाणे लोटावेत तशी बडवायची. माझा पैलवान हवेतच लाथा झाडायचा आणि मशीनचा गडी शांतपणे येऊन त्याला उचलून आपटायचा. पहिल्याच गड्याकडून मी इतक्यांदा हरलो, की आत कोणीतरी बसलेलं आहे अशी माझी खात्री झाली. एकदा शेषराव जेवायला गेला असताना मी खोक्यामागं वाकून पाहिलं. डोकं वर काढलं तर तो हात धुऊन दारातच उभा.

"काय पाहून राह्यला बे मास्तर?"

"नाही, वायर पाहत होतो."

"आत माणूस नाई. असता तर त्यानं तुह्यावर दया केली असती."

तेव्हा आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. मास्तर म्हणायचा, पण 'तू' म्हणायचा. परक्या गावात मला 'तू' म्हणणारा तेवढा एकच माणूस होता.

मग त्यानं मला खरं काय ते सांगितलं. "हे मशीन तुहा हात पाह्यते. तुहा हात हालला का त्याले समजते, अन् तो तुह्या आधी मारते." आता याचा सरळ अर्थ असा होता, की तुम्ही बटन दाबताक्षणी यंत्राला ते कळतं. मी काढलेला अर्थ असा, की काचेतून ते बघतं. दुसऱ्या दिवशी मी खिशातून दस्ती काढली आणि पूजेतल्या पात्रावर वस्त्र घालावं तशी दोन्ही हातांवर पसरून खेळायला उभा राहिलो. दुकानात हशा. एक ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, गड्याच्या तोंडावर टाका, त्यालेच दिसनार नाई!" पण गंमत अशी झाली, की मी जिंकलो. पहिला गडी पडला, मग दुसरा पडला. मी दस्ती उचलून सगळ्यांना दाखवली, जणू तीच लढली होती. आठवडाभरात दुसरबीडात हातावर दस्ती टाकल्याशिवाय कोणी दांडीला शिवेना.

शेषरावला हसू आवरेना. त्यानं मला बाजूला घेतलं. "अबे, दस्तीनं नाई जिंकला. दस्तीत हात अडकून राह्यले म्हून जिंकला. तुले बडवताच नाई आलं." तिथून त्याची शिकवणी सुरू झाली. हातात साच्याचं हँडल, नजर मोटारीवर आणि तोंडानं मला सूचना. आधी मारायचं नाही. दांडी मागं ओढून ठेवली की मार अडतो, तशी ती ओढून धरायची आणि वाट बघायची. त्याला उडी मारू द्यायची. तो खाली टेकतो तेव्हा त्याला काही करता येत नाही, तेव्हाच त्याच्या पायावर मारायचं. मारलं की लगेच मागं. हेच पुन्हा. मी म्हटलं, "तेच तेच केलं तर ओळखेल की तो."

"मशीन ओयखत नाई. त्याले लाज नाई, म्हून अक्कल बी नाई. एकच डाव दहा खेपा टाक, दहाही खेपा पडते. माणसावर नोको टाकू. माणूस दुसऱ्या खेपेले ओयखते."

आणखी एक. वर दोघांच्या जिवाच्या पट्ट्या असायच्या आणि मधे घड्याळ. आपली पट्टी मोठी असेल आणि वेळ थोडा उरला असेल, तर काहीच करायचं नाही, कोपऱ्यात दांडी मागं ओढून बसून राहायचं. वेळ संपली की आपण जिंकलो. हा डाव मला फार आवडला, माझ्या स्वभावाचाच होता.

असं करत करत मी शेवटच्या गड्यापर्यंत पोचलो. मोठ्या मिशांचा, तोवर गावात कोणालाच न पाडता आलेला. बाजाराचा दिवस होता, दुपारी चारचा सुमार. माझ्या मागं तीस-चाळीस माणसं, त्यांत माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप. एक डाव मी घेतला, एक त्यानं. तिसऱ्यात मिशीवाल्याचा जीव नखाएवढा उरला. आता फक्त मागं सरून थांबायचं. तेवढ्यात काचेतलं चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसलं, थरथरलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं… शेषरावनं तार सोडली, खोक्यामागच्या काळ्या डबीवर हात नेला आणि तिची कळ फिरवली. चित्र एकदम भक्कन मोठं झालं, मी दचकलो, दांडी सुटली आणि मिशीवाल्यानं मला उचलून आपटलं.

मी वळलो. "शेषराव, तू कळ फिरवली."

"फिरवली."

"काऊन?"

"तुह्याचसाठी फिरवली बे."

लोक हसले. लोक हसले नसते तर पुढचं झालं नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. मी ओरडलो, "जो खेळात कळ फिरवतो, तो तार वाचवायला मोटारीत वेढे कमी टाकत नसेल कशावरून?"

हसणं थांबलं. शेषरावनं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "मास्तर, तुम्ही घरी जा."

'तुम्ही'! तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. पुढच्या भेटीत आलं. तो रागावला नव्हता, बोलायचा, चहा द्यायचा, फक्त 'तू' निघून गेलं होतं. आणि दुकानात नवाच प्रकार सुरू झाला होता. मोटार टाकायला आलेला शेतकरी टाकून जायचा नाही. साच्याजवळ उभा राहून, ओठ हलवत वेढे मोजायचा. एकानं पाहून दुसरा, दुसऱ्यानं पाहून तिसरा. मास्तर बोलला म्हणजे काहीतरी असेलच! दोघा-तिघांनी मोटारी उचलून दुसऱ्या गावी नेल्या.

महिनाभरानं शेषरावचा निरोप आला, मास्तरांना म्हणावं मोजायला या. मी गेलो, पण यात काही डाव तर नाही ना, असं मनाशी म्हणतच गेलो. त्यानं स्टूल पुसून दिलं. "तुमचं गणित पक्कं. तुमच्या तोंडचा आकडा लोक मानतात. शाळा सुटल्यावर येत जा." म्हणजे ज्यानं आळ घेतला त्यालाच साक्षीला बसवलं. मी रोज बसायला लागलो. तो हँडल फिरवायचा, मी मोठ्यानं मोजायचो, गिऱ्हाईक माझ्याकडं बघून निवांत व्हायचं. एकही वेढा कधी कमी भरला नाही. भरला असता तर मी आनंदानं सांगितला असता, असा मी होतो.

एका दुपारी चारच्या सुमाराला एक कंडक्टर गाडीची वेळ होईतो खेळत होता. शेषरावचे दोन्ही हात तारेत गुंतलेले. काचेतलं चित्र आक्रसायला लागलं. "मास्तर, ती कळ जरा उजवीकडं घ्या," तो म्हणाला. मी घेतली. चित्र जागेवर आलं. कंडक्टर मान न वळवता म्हणाला, "बरं केलं, विझूनच चाललं होतं." चारला शिवारातल्या मोटारी सुरू व्हायच्या, गावाचं व्होल्टेज खाली यायचं आणि कळ फिरवली नाही तर खेळ मधेच बंद पडायचा. एवढंच होतं ते. बाजारच्या दिवशी त्यानं माझा जिंकत आलेला डाव वाचवायला हात घातला होता.

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं हँडल थांबवलं होतं. तो वाट बघत होता. त्याला एक शब्द पुरला असता…

"अठ्ठावीस," मी मोठ्यानं म्हणालो.

त्यानं हँडल फिरवलं. पुढं मला वाटायचं, तो स्वतःच्याच शिकवणीप्रमाणं खेळत होता, समोरच्यानं आधी हालचाल करावी म्हणून. आणि मी, त्याचा पठ्ठ्या, दुसऱ्या कोपऱ्यात दांडी मागं ओढून उभा.

पुढं माझी बदली झाली. मशीन जळालं, खोक्यात व्हार्निशचे डबे राहायला आले. वर्षातून एकदोनदा मी दुसरबीडला उतरायचो, दर खेपेला कबूल करायचं ठरवून. एकदा तर बसमध्ये वाक्य पाठ करत गेलो, शेजारची बाई जागा बदलून बसली. दुकानात पोचलो की तो म्हणायचा, "या मास्तर. मोजता का थोडं?" आणि मी मोजून परत यायचो.

तेरवी होऊन गेल्यावर गेलो. दुपारची वेळ. शेषरावच्या जागी गजू बसला होता, आणि साच्याजवळ पागोटेवाला एक शेतकरी उभा राहून ओठ हलवत होता. गजूनं हँडल न थांबवता मला स्टूल दाखवलं. मी विचारलं, "अजून मोजतात?"

"आपल्या दुकानाची रीतच आहे ना काका. बाबांनीच सुरू केली. गिऱ्हाईकाच्या डोयासमोर, मोजून. लोक लांबून येतात त्याच्यासाठी."

म्हणजे शेषरावनं पोराला हेच सांगितलं होतं. मला झाकायला की स्वतःला, हा संशय मला तिथंही आलाच. पण या खेपेला मी 'अठ्ठावीस' म्हणालो नाही. त्या अनोळखी शेतकऱ्याच्या देखत सगळं सांगितलं. बाजारचा दिवस, कळ, माझं ओरडणं. शेतकरी ऐकत होता. "मंग वेढे कमी नव्हते?"

"एकही नाही. कधीच नाही."

"मंग तुमी काऊन बोलले तसं?"

"हरलो म्हणून."

गजू तारेकडं बघत म्हणाला, "बाबाले ठाऊक होतं काका. आई तुमच्यावरून बोलायची त्यांना, तर म्हनत, 'तो हरला म्हून बोलला. मास्तर आहे तो, चूक कबूल कराले त्याले टाइम लागते.'"

तो. त्याले. तोंडावर तीस वर्षं 'तुम्ही', आणि घरात मी 'तो'च राहिलो होतो. पोरगं माझं मन राखायला हे रचून तर सांगत नाही? मी गजूच्या चेहऱ्याकडं कॉपीच्या संशयानं बघावं तसं बघितलं. काही कळेना. आणि पहिल्यांदाच, कळलं नाही तरी चालेल असं वाटलं.

"ओ मास्तर," शेतकरी वैतागला, "तुमच्या नादात माही मोजनी गेली ना. किती झाले?"

मला माहीत नव्हतं. गजूलाही. त्यानं साचा उलटा फिरवून सगळी तार सोडली, टोक पुन्हा खाचेत अडकवलं आणि म्हणाला, "धरा एकपासून."

कोणाला म्हणाला ते समजलं नाही. आम्ही दोघांनी एकदमच सुरुवात केली.