वन्संच्या हाती दिलेले चार दिवस

माझी थोरली नणंद व्हँकुव्हरहून रोज फोन करायची. इकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, मिल्टनला, आमच्या घरी सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या, त्याला दोन वर्षं होत आली होती. "आईचा आवाज खोल गेलाय गं. वेळेवर जेवायला घालतेस ना?" हे ती मला विचारायची. मी सकाळी म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये परक्यांच्या आयांना आंघोळी घालायचे आणि दुपारी घरी येऊन सासूबाईंचं सगळं करायचे.

एकदा कामावर एका म्हातारीनं घास थुंकला आणि मी तिचं मनगट इतकं दाबलं की ती ओरडली. सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं, रिपोर्ट लिहिला, मग विचारलं, "शेवटची सुट्टी कधी घेतली होतीस?" मला आठवेना. त्या दिवशी मला माझ्याच हातांची भीती वाटली.

त्याच महिन्यात नणंद आठवडाभर राहायला आली. ओळखीच्या चार बायका सासूबाईंना बघायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "हिचं आपलं ड्यूटीसारखं चालतं. मी इथे असते तर आईला तळहातावर ठेवलं असतं."

मी हसले, सगळ्यांना आणखी चहा दिला, आणि मनात ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद लावला. औषधं, डायपर, ठसका लागू नये म्हणून पाण्यात घालायची ती घट्ट करणारी पावडर, दर दोन तासांनी कूस बदलणं. सासूबाईंना खुर्चीत कसं बसवायचं तेही नणंदेकडून दोनदा करून घेतलं. कामावर चार दिवसांची सुट्टी टाकली आणि बॅग उचलली.

"वन्सं, ठेवा आता तळहातावर. मी चार दिवसांनी येते."

"अगं, पण माझी कंबर..."

"मलाही आहे कंबर."

गावाबाहेरच्या मोटेलमध्ये मी दुपारपर्यंत झोपायचे. गरम पाण्यात तासभर बसायचे. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. "ताई रडतेय. ये ना लवकर."

"रडू दे. मी दोन वर्षं वॉशरूममध्ये नळ सोडून रडलेय. तुला कधी ऐकू आलं नाही." फोन ठेवला आणि इतकं बरं वाटलं की पिझ्झा मागवला.

परतले तेव्हा नणंद विस्कटलेल्या केसांनी जिन्यात बसली होती. सासूबाई धड होत्या. "मी आईवर ओरडले गं," ती म्हणाली. "हात उगारला." तिला जवळ घेऊन त्या मनगटाचं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तिला एकटीलाच लाजू दिलं.

तेव्हापासून दर गुरुवार नवऱ्याचा आणि वर्षातले दोन आठवडे नणंदेचे, असं मी लावून दिलं. माझे हात शांत झाले. कामावर पुन्हा कुणी रिपोर्ट लिहिला नाही. नणंदेला मात्र मी अजून माफ केलेलं नाही. तिचे दोन आठवडे मीच ठरवते, आणि मुद्दाम फेब्रुवारीत ठेवते, म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फही तिलाच शोव्हल करावा लागतो.